कुतारची अर्धीच गोष्ट

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला. बीएस्सीला प्रवेश मिळतोय, पण त्याला कॅमेरामन व्हायचंय, कॉलेज नको म्हणतो. गावातल्या फोटो स्टुडिओबरोबर लग्नाच्या ऑर्डरींना जातो. ‘राऊल कुतार कुठं फिल्म स्कूलला गेला होता?’ हे रोज ऐकवतो. काय करावं?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : नमस्कार. मुलगा खोटं बोलत नाही, पण गोष्ट मधूनच सुरू करतोय.

राऊल कुतार हा फ्रेंच सिनेमाचा गाजलेला कॅमेरामन, १९२४ चा, पॅरिसचा. गंमत म्हणजे त्याला केमिस्ट्रीच शिकायची होती. खर्च झेपेना, म्हणून फोटो लॅबमध्ये उमेदवारी धरली. १९४५ मध्ये व्हिएतनामला गेला आणि अकराएक वर्षं तिकडेच राहिला, युद्धाचे फोटो काढत. पहिल्या सिनेमाला होकार दिला तोही म्हणे फक्त फोटो काढायचेत असं समजून. मूव्ही कॅमेरा त्यानं तोवर चालवलाच नव्हता. १९५९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा ‘ब्रेथलेस’ शूट केला तेव्हा तो पस्तिशीला आला होता. ही वर्षं मुलाला एकदा बोटांवर मोजायला लावा.

त्या सिनेमात रात्रीचे प्रसंग लाइट न लावता घ्यायचे होते. इतक्या कमी उजेडात चालेल अशी संवेदनशील सिनेमाची फिल्मच तेव्हा मिळेना. इल्फर्ड कंपनीची एचपीएस नावाची तशी फिल्म होती, पण ती फोटोग्राफरसाठी, साडेसतरा मीटरच्या रिळात. म्हणजे कॅमेऱ्यात चाळीस सेकंदसुद्धा नाहीत! मग ती रिळं एकाला एक जोडली आणि वेगळ्या रसायनातून डेव्हलप करवून घेतली. फोटो लॅबमध्ये हात काळे केलेल्या माणसालाच असली वाट दिसते. कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीऐवजी गोदारनं कुतारला कॅमेऱ्यासकट व्हीलचेअरवर बसवून ढकललं, तो किस्सा मुलाला पाठ असेलच. फिल्मचा किस्सा माहीत आहे का, विचारा.

(खोलीत दिवे छताकडे वळवून मऊ उजेड पाडायची कुतारची पद्धत गाजली. आपल्याकडे सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’साठी पांढरं कापड ताणून त्याच जातीचा उजेड १९५६ मध्येच आणला होता. कौतुक करायचंच तर त्यांचंही करावं.)

आता तुमचं. बीएस्सीला घाला. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेच्या सिनेमॅटोग्राफीच्या (कॅमेरा कलेच्या) तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, कुठल्याही विषयातली चालते. प्रवेश परीक्षा अवघड आहे, जागा मोजक्या; तिथं नाही जमलं तर मुंबईत असिस्टंट म्हणून सुरुवात करावी लागेल, आणि पहिली काही वर्षं हातात फारसं काही पडत नाही. तेव्हाही पदवी जवळ असलेली बरी. लग्नाच्या ऑर्डरी मात्र बंद करू नका. तीच त्याची फोटो लॅब आहे.

फक्त त्याला एक काम द्या. घरातली एक खिडकी निवडायची. सकाळी सात, दुपारी एक आणि दिवेलागणीला, त्याच जागी आजीला बसवून फोटो काढायचा. फ्लॅश नाही, ऑटो मोड नाही. असं महिनाभर. त्यातले त्याला आवडलेले तीन फोटो मला पाठवा, आणि प्रत्येकामागं शटर-अॅपर्चर (उजेड किती वेळ आणि किती आत घेतला) काय ठेवलं ते त्याच्याच हातानं लिहिलेलं असू द्या.