पासाऊला जायचंय, एक दिवस पुरेल का?

मागच्या अंकात डॅन्यूबच्या क्रूझबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यात पासाऊचं नाव आलं, तर तेव्हापासून निम्मे प्रश्न त्याच गावाचे येतायत, आणि त्यातले बरेचसे बडोद्याहून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पासाऊ म्हणजे जर्मनीत बव्हेरियाच्या अगदी टोकाला, ऑस्ट्रियाच्या हद्दीला चिकटून असलेलं जुनं व्यापारी गाव, डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या तिथे एकत्र येतात. म्हटलं ह्या वेळेस सगळं एकदमच उरकू.

मुलगी-जावई म्युनिकला असतात, आम्ही दोघं जूनमध्ये जाणार आहोत. जावई म्हणतात पासाऊ अर्ध्या दिवसाचं काम आहे, सकाळी जायचं न् संध्याकाळी परत, त्यापेक्षा साल्झबर्गला वेळ द्या. खरंच तेवढंच आहे का?
*एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा*

जावयांना दुखवू नका पण रात्र एक तरी तिथे काढाच. अर्ध्या दिवसात काय होतं सांगते, तुम्ही स्टेशनवरून चालत कॅथेड्रलला जाता, मग तीन नद्यांच्या टोकावर जाऊन फोटो, एक कॉफी, संपलं, आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगता की गाव छान आहे पण विशेष काही नाही. दुपारी क्रूझवाल्यांची गर्दीही असते, बोटी टाउन हॉलच्या जवळच धक्क्याला लागतात आणि गाइडच्या मागे मागे पन्नास पन्नास जणांचे घोळके. संध्याकाळी बोटी निघाल्या की गाव मोकळं होतं, तेव्हा इनच्या काठाने नुसतं चालावं.

आता ह्या गावात बघायचं काय, तर माझ्या मते मीठ. हसू नका. साल्झबर्गजवळच्या हालाइनचं आणि बव्हेरियातल्या राइखेनहालचं मीठ साल्झाख आणि इन नदीवरून होड्यांनी खाली पासाऊला यायचं, इथे उतरवायचं, आणि पुढे घोड्या-खेचरांच्या पाठीवर लादून जंगलातून, डोंगरातून बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात. आपल्याकडे बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ घालून मुलुखभर फिरायचे ना, डिट्टो तसंच. येताना रिकामे थोडेच येणार, धान्य वगैरे घेऊन यायचे. त्या वाटेला गोल्डनर श्टाइग म्हणतात, सोन्याची वाट, कारण त्यात पैसा तसा होता. 1010 सालच्या एका सनदेत ह्या वाटेवरच्या जकातीचा उल्लेख आहे, राजा दुसरा हाइनरिख ह्याने ती जकात पासाऊच्या नीडर्नबुर्ग मठाला लावून दिली, म्हणजे व्यापाऱ्यांनी घाम गाळायचा आणि मठाने बसल्या जागी वसूल करायचं, हे सगळीकडे सारखंच. पुढे बव्हेरियाच्या ड्यूकने आणि नंतर ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याने मिठाचा धंदा स्वतःकडे ओढला आणि पासाऊची ती चलती गेली.

हे डोक्यात ठेवून इनच्या काठावर गेलात की एक गोल पांढरा बुरूज दिसेल, शाइब्लिंग्सटुर्म, मिठाच्या होड्या लागायच्या तो धक्का राखायला बांधलेला. ज्याला मीठ माहीत नाही तो त्याच्यापुढे सेल्फी घेऊन निघून जातो. आणि घरं नीट बघा, जुन्या गावातल्या बऱ्याच घरांना समोरून छप्परच दिसत नाही, पुढची भिंत सरळ वर चढवलेली आणि छप्पर तिच्या मागे लपलेलं. इन आणि साल्झाखच्या काठच्या गावांची ही पद्धतच आहे, दाटीवाटीची घरं, एकाला आग लागली तर दुसऱ्याला पोचू नये हा त्यातला एक हेतू. तरी 1662 मध्ये जवळजवळ सगळं गाव जळलंच, 1680 मध्ये परत, आणि मग इटलीहून कारागीर आणून उभं केलं, म्हणून गाव जर्मन असून तोंडवळा इटालियन वाटतो.

कॅथेड्रलही त्याच वेळी नव्याने झालं. आतलं ऑर्गन हे तिथलं मोठं आकर्षण, 17,974 पाइप आणि 233 रजिस्टर, म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या पाइपांचे संच, कॅथेड्रलमधलं जगातलं सगळ्यात मोठं असं ते लोक सांगतात. सीझनमध्ये दुपारी बारा वाजता छोटी मैफल असते पण रोज नाही, आणि दुरुस्तीमुळे कधी बंदही असते, तेव्हा निघायच्या आधी साइटवर बघून घ्या. आणि जाताजाता, व्हिएन्ना शहर 1469 पर्यंत ह्याच पासाऊच्या बिशपच्या हाताखाली होतं, तिथल्या सेंट स्टीफन कॅथेड्रलचं नाव ते इथल्या सेंट स्टीफन कॅथेड्रलवरून. जावयांना हे सांगा, साल्झबर्ग-व्हिएन्नाचं कौतुक जरा कमी होईल.

जायला म्युनिकहून रीजनल ट्रेन आहे, लांडशूटवरून जाते, सव्वादोन तासांच्या आसपास. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट, घ्या, एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही आणि आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद गाडीत, अजिबात चालत नाही. जावयांना माहीत असेलच हे.

सासरे 76 वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात पण उत्साह दांडगा. किल्ला बघायचाच म्हणतात. जमेल का?
*एक सूनबाई, मांजलपूर*

जमेल, फक्त चढून नको. किल्ला म्हणजे फेस्टे ओबरहाउस, डॅन्यूबच्या पलीकडच्या टेकडीवर, पायवाटेने दम काढणारा चढ आहे. पण सीझनमध्ये टाउन हॉलजवळून वर शटल बस जाते, तीच पकडा. वरून नद्यांचे रंग वेगवेगळे दिसतात ते खरं बघण्यासारखं. इल्झ काळपट, ती दलदलीच्या जंगलातून येते म्हणून. इन हिरवट-करडी, दुधाळ, आल्प्सचा बर्फ वितळून आलेलं पाणी, आणि मध्ये डॅन्यूब. गंमत म्हणजे वर्षाचं सरासरी बघितलं तर संगमापाशी इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त असतं, पण पुढे नाव डॅन्यूबचंच. इनला कोणी विचारलं नाही.

किल्ल्याची एक गोष्ट सासऱ्यांना आवडेल. 1219 मध्ये तो बांधला तो बिशपने, शत्रूसाठी तर होताच पण गावकऱ्यांवर वचक ठेवायलाही, कारण बिशप हाच इथला राजा होता. गावातल्या व्यापाऱ्यांनी 1298 आणि 1367 मध्ये बंड केलं, दोन्ही वेळा फसलं. बिशपांचं राज्य गेलं ते थेट 1803 मध्ये आणि मग गाव बव्हेरियाकडे आलं.

दुसऱ्या टेकडीवर मारियाहिल्फ नावाचं मेरीमातेचं तीर्थक्षेत्र आहे, त्याला 321 पायऱ्या, छप्पर घातलेल्या, लोक एकेका पायरीवर प्रार्थना करत चढतात. तिथे मात्र सासऱ्यांना खालून नमस्कार करायला सांगा नाहीतर गाडीने न्या. 1683 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा सम्राट लिओपोल्ड पळून पासाऊला आला होता आणि इथेच येऊन मेरीमातेला साकडं घालत होता. इकडे संभाजीराजे पोर्तुगीजांच्या मागे लागले होते ते हेच वर्ष.

गल्ल्यांमध्ये दगडी फरशी आहे आणि उतार आहेत, चांगले बूट घाला, सँडल नको. आणि फारच पाय दुखले तर तीन नद्यांची बोट फेरी आहे, पाऊण तासाची, बसून सगळं दिसतं.

गूगलवर पासाऊ टाकलं की पुराचेच फोटो येतात. आम्ही 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात घेतलंय, सोफा, फ्रिज, सगळं गेलं, आता पैसे देऊन पूर बघायला कुठे जायचं? जून सोडून कधी जावं?
*एक वाचक, समा*

तुमचा राग कळतो. पण तुम्हीच जा, कारण तुम्हाला ते गाव बाकीच्यांपेक्षा जास्त कळेल. डॅन्यूबकडच्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, रेघा आणि शेजारी साल. खाली उभं राहिलं की मान मागे टाकून वर बघावं लागतं. 1954 ची रेघ आहे, 12.20 मीटर. तिच्याही वर 2013 ची, 3 जूनला पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं. आणि त्याच्याही वर 1501. म्हणजे पाचशे वर्षांत असा पूर आला नव्हता. टूरिस्ट तिथे हात वर करून फोटो काढतात, तुम्ही बहुतेक काढणार नाही.

कारण साधं आहे, तीन नद्या आणि मध्ये जिभेसारखी निमुळती जमीन. डॅन्यूब आणि इन दोन्ही एकाच वेळी फुगल्या की पाण्याला जायला जागा नाही, 2013 ला तेच झालं. बघा, तळमजल्यावर बरीचशी दुकानंच, लोक वर राहतात, पाण्याची सूचना आली की माल वर चढवायचा ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तरी 2013 ला ती पुरली नाही, पिण्याचं पाणीही बंद झालं होतं. चिखल उपसायला विद्यापीठातली पोरं फावडी घेऊन उतरली, ते तिथले लोक अजून सांगतात. आणि तुमच्याकडे ऑगस्ट 2024, तर त्यांच्याकडे त्याच वर्षी जूनमध्ये परत पाणी, साधारण दहा मीटर.

तर कधी जावं? मला विचाराल तर सप्टेंबर. जूनमध्ये आल्प्सचा बर्फ वितळत असतो, त्यात जोराचा पाऊस आला तर पाणी वाढू शकतं, तरी दर वर्षी काही मोठा पूर येत नाही. सुट्ट्याच जूनमध्ये असतील तर जा, फक्त हॉटेल असं घ्या की जे फुकट कॅन्सल करता येतं, आणि आठवडाभर आधीपासून पाण्याची पातळी नेटवर बघत राहा. ती सवय तर बडोद्याला आहेच, पावसाळ्यात आकोटा पुलाची पातळी बघितल्याशिवाय कोण झोपतं.

सिंगल एन्ट्री शेंगेन व्हिसावर पासाऊहून ऑस्ट्रियात जाऊन परत जर्मनीत येता येईल का? एंट्री संपेल का?
*एक वाचक, अलकापुरी*

नाही संपणार. दोन्ही देश शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटातच, आहेत, एन्ट्री शेंगेनच्या बाहेर पडलात तर संपते. पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका, जर्मनीने ऑस्ट्रियाच्या हद्दीवर तपासणी ठेवलीय, ट्रेनमध्ये पोलीस चढतात. व्हिसा मात्र ज्या देशात जास्त दिवस त्याच देशाचा काढायचा हे लक्षात ठेवा, आणि इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा.

आणि ऑस्ट्रियात जायचंच असेल तर शेर्डिंगला जा, ट्रेनने पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर. तेही इनकाठचं, तेही मिठाच्या व्यापारावर मोठं झालेलं, पण छोटं आणि शांत. मोठ्या चौकात रंगीत घरांची रांग आहे, तिला झिल्बरत्साइले म्हणतात, चांदीची रांग, तिथल्या व्यापाऱ्यांच्या थैल्या चांदीच्या नाण्यांनी भरलेल्या असायच्या म्हणून, असं तिथले लोक सांगतात. निळं घर बेकरवाल्याचं, लाल खाटकाचं असंही सांगतात. हे गाव 1779 पर्यंत बव्हेरियाचंच होतं, मग तहात ऑस्ट्रियाकडे गेलं, 1809 मध्ये नेपोलियनच्या तोफांनी भाजून काढलं, मग थोडी वर्षं परत बव्हेरियाकडे आणि 1816 ला कायमचं ऑस्ट्रियाचं. जुन्या पुलावरून चालत इन ओलांडली की पलीकडे जर्मनी. मला खरं विचाराल तर फोटोला पासाऊ पण राहायला शेर्डिंग.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी तर मरणार नाही ना?
*एक वाचक, कारेलीबाग*

मरणार नाही पण विचारून खा. अंडं नाही म्हटल्यावर तिथले नेहमीचे शाकाहारी पदार्थ, चीजमधले श्पेट्झले, म्हणजे जाडसर नूडल्स, आणि मशरूम सॉसमधले ब्रेडचे गोळे, दोन्ही बाद, दोन्हीत अंडं असतं. बटाट्याची कोशिंबीर निरागस दिसते पण बव्हेरियात ती बऱ्याचदा मांसाच्या स्टॉकमध्ये करतात, आणि आंबट कोबीत डुकराच्या चरबीचे तुकडे निघतात. ब्रेझन, म्हणजे पिळाचा खारा प्रेटझेल पाव, तोसुद्धा विचारूनच घ्या, काही ठिकाणी चरबी घालतात. एक वाक्य पाठ करून जा, "ओहने फ्लाइश, ओहने श्पेक, ओहने आय", म्हणजे मांस नको, चरबी नको, अंडं नको. उकडलेले बटाटे, सॅलड, ब्रेड, पिझ्झा ह्यावर चालतं. प्यायला आप्फेलशोर्ले मागवा, सफरचंदाचा रस आणि सोडा, बिअरवाल्यांच्या टेबलावर बसलात तरी ग्लास तसाच पिवळा दिसतो. आणि शनिवारी संध्याकाळीच दूध, दही, फळं घेऊन ठेवा, रविवारी सुपरमार्केट बंद.

मुलीसाठी केसर आंबे, थेपले, पेढे न्यायचेत. चालतं का?
*एक आई, रावपुरा*

थेपले न्या, खाखरे न्या, लीलो चिवडो न्या. पेढे नाही, तूपही नाही, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बॅगेतून आणायला बंदी आहे. आंबे पण नाही, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, केळी-नारळासारखी मोजकी फळं सोडून, आणि विमानतळावर पेटी उघडून डोळ्यादेखत कचऱ्यात टाकतात. मुलीला आंबा पाहिजेच असेल तर केसरचा सीलबंद रसाचा डबा चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये घेतलात तर मुंबईलाच काढून घेतील.