बोचिया खेळताना आईने पाठ फिरवून बसायचं असतं

ताई, तुम्ही विचारलंय की तुमच्या १३ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, चारही हातपाय कडक आहेत, मूठ उघडत नाही. तरी बोचिया खेळायचा हट्ट धरलाय, तर तो खेळणार कसा? आणि खर्चासाठी शेजारी सुचवताहेत तसा त्याचा व्हिडिओ काढून लोकांकडे मदत मागावी का? मी सीपी घेऊनच जन्मले आणि १४ वर्षं बोचिया खेळतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोचियात आपले चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे असतात. मूठ उघडत नाही अशांसाठीच त्यात बीसी३ हा गट आहे. चेंडू हाताने फेकायचा नसतो, उतरत्या रॅम्पवरून सोडायचा असतो. हाताने जमलं नाही तर डोक्याला बांधलेल्या दांडीने. रॅम्प हलवायला सहायक मिळतो, पण त्याने कोर्टाकडे पाठ करून बसायचं. पांढरा चेंडू कुठे आहे ते त्याने बघायचं नाही आणि काही सुचवायचंही नाही.

माझी पहिली सहायक आई होती. पहिल्या दिवशी ती सारखी मान वळवायची. शेवटी सरांनी तिची खुर्चीच उचलून नीट भिंतीकडे तोंड करून ठेवली. मी सांगायला गेले तर ‘थोडं’ एवढंच बाहेर पडलं आणि जबडा अडकला. घरी पुढचं वाक्य तिनेच पुरं केलं असतं. इथे थोडं डावीकडे, थोडं वर, की थोडं थांब, हे तिला कळायला मार्गच नव्हता. ती रॅम्पला हात लावून नुसती बसून राहिली. ‘डावीकडे’ यायला खूप वेळ लागला, पण आलं. चेंडू बराच लांब गेला. तरीही त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती.

लगेच महागडा रॅम्प घेऊ नका. चार इंची पीव्हीसी पाइप प्लंबरकडून उभा चिरून घ्या, छान पन्हळ होते. खरा चेंडू चामड्याचा, साधारण २७५ ग्रॅमचा असतो. घरी मोज्यात तांदूळ भरून गच्च गोल शिवला तरी सुरुवातीला चालतो. एक मात्र मनापासून सांगते, खेळाने हात सैल होईल ही आशा ठेवून त्याला नेऊ नका. फिजिओथेरपी आपल्या जागी चालू राहू दे. थंडी, घाई, अचानक मोठा आवाज यांनी अंग आणखी ताठतं, म्हणून अर्धा तास आधी पोचा.

आता व्हिडिओचं. मी १६ वर्षांची असताना एका संस्थेने मला न विचारता माझा फोटो निधीच्या फलकावर लावला. मान कलंडलेली, ओठावरून लाळ. पैसे जमले. मी तो फलक कॉलेजच्या फाटकावर मैत्रिणींसोबत पाहिला. म्हणून मुलाचा व्हिडिओ काढलात तर आधी त्यालाच दाखवा आणि तो ‘नको’ म्हणाला तर तिथेच थांबा. आम्ही नंतर निधी जमवला तो साध्या कागदावर: रॅम्प इतका, चेंडूंचा संच इतका, रिक्षाभाडं इतकं. दर महिन्याला पावत्यांचे फोटो पाठवले, सोबत मी खेळतानाचा एक. तेच लोक पुढच्या वर्षी पुन्हा आले. देणाऱ्याला करात सवलत हवी असेल तर पैसे ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची मान्यता) असलेल्या संस्थेमार्फत घ्या. परदेशातून कुणी संस्थेला देणार असेल तर तिची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची परवानगी, आधी तपासा. आणि थेरपीच्या खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ विमा काढा, त्यात १ लाखापर्यंत संरक्षण आहे. हा पैसा लोकांपुढे हात न पसरता मिळतो.

पीटीच्या तासाला त्याला वर्गात एकटं बसवतात, हे तुम्ही ओघात लिहिलंय. मला ते सगळ्यात जास्त लागलं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जा. दाद मागितली की मिळते, याचं उदाहरण जीजा घोष. त्यांनाही सीपी आहे. २०१२ मध्ये त्या कोलकात्याहून गोव्याला परिषदेला निघाल्या असताना त्यांना विमानातून उतरवलं. त्या प्रवास करू शकतात की नाही हे दुसऱ्यांनीच ठरवून टाकलं. त्या लढल्या, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

शाळेचा अर्ज त्याच्याच शब्दांत लिहा. तो सांगेल, तुम्ही उतरवून घ्या. दोन ओळींना तासभर लागला तरी मधे शब्द पुरवू नका. आणि पाइप आणायला जाल तेव्हा त्याला दुकानात सोबत न्या, लांबी किती हवी ते त्यालाच सांगू दे.