ओटा 36 फुटांचा, बिल 52 फुटांचं

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. स्वयंपाकघरातल्या एल आकाराच्या ओट्यासाठी देवासच्या ग्रॅनाइटवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, ‘260 फिटिंग के साथ, टोटल 36 फुट के आसपास, मोल्डिंग 60 रनिंग, सिंक-हॉब कटाई 500 एक.’ सहा हजार आगाऊ दिले. ओटा बसल्यावर बिल आलं ते 52 चौरस फूट, मोल्डिंग (कडेची घडाई) 20 फूट, दोन कटाया आणि वर 18 टक्के जीएसटी, एकूण 18,550 रुपयांचं. पैसे दिले नाहीत तर दगड उखडून नेईन म्हणतो. ओटा एका भिंतीला साडेदहा फूट, दुसरीला सात फूट, रुंदी दोन फूट, समोर चार इंचांची पट्टी आणि दोन्ही टोकं भिंतीला टेकलेली आहेत. काय करावं?

उत्तर: आधी धमकीचं बघू. मालविक्री कायदा, 1930 प्रमाणे पैसे न मिळालेला विक्रेता माल अडवून ठेवू शकतो (कलम 47), पण माल त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. तो रीतसर तुमच्या ताब्यात आला की हा हक्क संपला (कलम 49). आता त्याला दावा लावता येईल, पहार घेऊन घरात शिरता येणार नाही. आलाच तर दार उघडू नका, 112 लावा.

आता माप. लांब बाजू 10.5 × 2 = 21 चौरस फूट. आखूड बाजू सात फूट धरायची नाही, कारण कोपऱ्यातले दोन फूट लांब बाजूत आलेलेच आहेत. म्हणून 5 × 2 = 10. एल आकारात हा कोपरा दोनदा मोजला की चार फूट फुकट वाढतात. समोरची कड आतल्या बाजूनं 8.5 + 5 = 13.5 फूट, चार इंचांच्या पट्टीचे त्यावर 4.5 चौरस फूट. एकूण 35.5, म्हणजे त्याचा ‘36 के आसपास’ हा अंदाज चोख होता. मोल्डिंगही याच 13.5 फुटांवर. भिंतीकडून मोजलं तरी साडेसतराच भरतात. वीस कुठून आले ते त्यालाच विचारा. सिंक आणि हॉबची भोकं मात्र वजा करू नका. तो दगड कापून वाया गेलेलाच असतो, आणि असं मागितलंत तर तुमचीच बाजू हलकी पडेल.

मग 52 कुठून? बहुधा आणलेल्या अख्ख्या स्लॅबच्या मापातून. दगडाच्या धंद्यात दर दोन तऱ्हांनी ठरतो: अख्ख्या स्लॅबवर, तेव्हा वाया गेलेला दगड गिऱ्हाइकाच्या माथी, किंवा बसवलेल्या ओट्यावर, तेव्हा तो दरातच धरलेला. ‘फिटिंग के साथ’ आणि ‘टोटल 36’ हे शब्द दुसऱ्या तऱ्हेचे आहेत, आणि तुमचं प्रकरण याच दोन शब्दांवर उभं आहे. शिवाय 52 फुटांचे पैसे मागतो तर उरलेले सोळा-साडेसोळा फुटांचे तुकडे तुमचे. ते कुठे आहेत? टेम्पोत घालून परत नेले असतील तर त्यांची किंमत मागण्याची त्याला सोय राहत नाही.

हिशेब असा: 35.5 × 260 = 9,230; मोल्डिंग 810; कटाई 1,000; मिळून 11,040. आगाऊ रक्कम वजा जाता देणं 5,040. जीएसटीचं वेगळं आहे. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर मागताच येत नाही. नोंदणी नसलेल्याला केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 32 आडवं येतं, आणि कंपोझिशनवालाही (उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणारा छोटा व्यापारी) वेगळा कर लावू शकत नाही. क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. तो खरा निघाला तर 11,040 वर 1,987 रुपये देण्याची तयारी ठेवा.

5,040 रुपये आजच खात्यावर पाठवा, ‘मान्य रक्कम, बाकी बिल अमान्य’ असा संदेश जोडून. एक पैसाही न देता भांडलात तर बुडवे ठराल. मग एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून मापाचा आराखडा सहीनिशी घ्या, टेप लावलेले फोटो काढा, संभाषण पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं. त्यानंतर पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानं. नोटीस सक्तीची नाही, पण पुष्कळ ग्रॅनाइटवाले तिथेच नरम येतात. हजार-पाचशे जास्त देऊन मिटत असेल तर मिटवा आणि ‘पूर्ण पैसे मिळाले’ असं लिहून घ्या.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि पुढे इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग. दुकान देवासला असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते (ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 34). ठरल्यापेक्षा जास्त दर लावणं हे कलम 2(6) मध्ये तक्रारीचं कारण म्हणून नोंदलेलंच आहे. मोबदला पाच लाखांच्या आत असल्यानं फी नाही, वकीलही लागत नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावर तक्रार घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की चौरस फूट हे कायदेशीर मापच नाही, नापतौल विभागात जा. गोष्ट खरी आहे, वैध मापनशास्त्र कायद्यानं मीटरच चालतो. पण तुम्हीही फुटांतच सौदा केलात. तक्रारीत हा मुद्दा घालू नका.