ग्राहकाने हात धरला तर तक्रार कोणाकडे?

पणजीच्या कॅसिनोंत डीलर (टेबलावर पत्ते वाटणारे, खेळ चालवणारे), कॅशियर, वेट्रेस म्हणून काम करणाऱ्या मुलामुलींची पत्रं सतत येतात. त्यात सिंधुदुर्ग आणि बेळगावकडचीही बरीच असतात. गोंधळ बहुधा तोच असतो, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांना. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मूळची गोव्याची. गोंयकारांना कॅसिनोत बंदी आहे म्हणतात. मग मी तिथे नोकरी केलेली चालेल का?

चालेल. 1 फेब्रुवारी 2020 पासून लागू झालेली बंदी खेळायला जाण्यावर आहे, नोकरीवर नाही.

प्रश्न : रुलेटवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या खेळात, एका आकड्याला 35 पट देताना माझा हिशोब चुकला आणि ग्राहकाला 20 हजार जास्त गेले. आता ते पगारातून कापणार म्हणतात. शिवाय कॅसिनोच्या बोटीवर नेणारी फेरीबोट चुकली की 500 रुपये दंड. हे कायद्यात बसतं का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपन्या त्या मुद्दाम एकत्र करतात. नुकसान तुमच्याच हलगर्जीपणामुळे झालं असेल तर वसुली होऊ शकते. पण आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि झालेल्या नुकसानापेक्षा एक रुपयाही जास्त कापता येत नाही. एवढ्या मोठ्या रकमेला सुपरवायझरने बघून मान डोलावली होती का, ते लिहून ठेवा. त्याने डोलावली असेल तर सगळी चूक एकट्या डीलरची कशी?

दंडाचं वेगळं. सरकारने मंजूर केलेल्या यादीतल्या चुकांनाच दंड करता येतो, तोही त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांपर्यंतच. सगळ्या कपाती मिळूनही अर्ध्या पगाराच्या वर जाऊ शकत नाहीत. हे नियम वेतन संहितेतले आहेत, आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. पगाराच्या स्लिपा आणि नेमणूकपत्र घेऊन जवळच्या वकिलाला किंवा कामगार आयुक्तालयात भेटा. ‘आमच्याकडे असंच चालतं’ या तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

प्रश्न : जिंकलेल्या ग्राहकाने मला खासगीत चिप (पैशांऐवजी खेळात वापरायची चकती) दिली. ठेवून घेतली तर?

घेऊ नका, टिप पेटीतच टाका. चिप खिशात सापडली तर नोकरी जाईल आणि चोरीचा आळही येईल.

प्रश्न : मी तीन पत्तीच्या टेबलावर डीलर आहे. नेहमी येणाऱ्या एका ग्राहकाने हरल्यावर घाणेरड्या शिव्या दिल्या आणि पत्ते वाटताना माझा हात धरून ओढला. पिट बॉस, म्हणजे टेबलांवर देखरेख करणारे साहेब, म्हणाले, ‘मोठा गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे.’ दुसऱ्या दिवसापासून मला त्या टेबलावरून हलवलं. मैत्रिणी म्हणतात, लैंगिक छळाचा कायदा फक्त ऑफिसातल्या लोकांना लागतो, ग्राहकाला नाही. याला दोन महिने झाले.

मैत्रिणींचं चुकीचं आहे, आणि ही ऐकीव माहिती मुलींचं किती नुकसान करते ते मी रोज पाहते. 2013 च्या कायद्याचं कलम 19 वाचा. कामाच्या जागी संबंधात येणाऱ्या माणसांपासून स्त्रीला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं त्यात स्पष्ट आहे. त्या माणसांत ग्राहकही आला. छळ करणारा कंपनीचा नोकर नसला, तरी तुमची इच्छा असेल तर त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू करून देणं हेही मालकाचंच काम. जेट्टीवरून बोटीपर्यंत नेणारी कंपनीची फेरीबोटसुद्धा कामाच्या जागेत मोडते, हे तिथे त्रास होणाऱ्या मुलींनीही लक्षात घ्यावं.

आता मुदत. या कायद्याखालच्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तुमचे दोन महिने ‘बघू, बोलू’ करण्यात गेले. आणखी एक आठवडाही घालवू नका.

माझी सगळ्यात मोठी काळजी आहे ती कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाची. कॅसिनोत प्रत्येक टेबलावर कॅमेरा असतो. टेबल सोडताना डीलरला दोन्ही तळहात उघडून कॅमेऱ्याला दाखवावे लागतात, इतकी कडक नजर असते. एक चिप गायब झाली तर मिनिटामिनिटाचं चित्रीकरण काढलं जातं. मग डीलरचा हात ओढला गेला, तेही त्यात आलेलंच असणार. पण जुन्या चित्रीकरणावर नवं चढत जातं, आणि मागितल्याशिवाय कोणी ते जपून ठेवत नाही. म्हणून कोणाशी चर्चा करत न बसता आधी व्यवस्थापनाला एक ईमेल पाठवा : ‘अमुक तारखेला, अमुक शिफ्टमध्ये, टेबल क्रमांक अमुक, रात्री साधारण अमुक वाजता ग्राहकाने माझा हात धरून ओढला. त्या वेळचं चित्रीकरण जपून ठेवावं.’ प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा. चित्रीकरण पुसलं गेलेलं असलं, तरी मागणी केल्याची तारीख राहते. शेजारच्या टेबलावर कोण होतं, पिट बॉसने नेमकं काय म्हटलं, तेही आजच लिहून काढा.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, तिच्यात निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. समितीच नसेल तर मालकाला 50 हजारांपर्यंत दंड आहे. तुम्हाला टेबलावरून हलवलं त्याबद्दल : चौकशी चालू असताना बदली करायची असेल, तर ती तुमच्या लेखी विनंतीवरून व्हावी. त्याला खेळू द्यायचं आणि तुम्हाला बाजूला करायचं, ही शिक्षा तुम्हालाच झाली. तक्रारीत हेही लिहा.

आणखी एक सांगते, कारण ही युक्ती नेहमीची आहे. असा ग्राहक मधल्या माणसाकरवी पाकीट पाठवतो, माफीची चिठ्ठी देतो आणि ‘मिटवून टाक’ असा निरोप येतो. समितीपुढे समेट फक्त तुमच्या विनंतीवरून होऊ शकतो, आणि पैसे हा त्याचा आधार असूच शकत नाही. पाकीट घेऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका.

पोलिसांकडे जायला तीन महिन्यांची ही अट नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं 74 (विनयभंग), 75 (लैंगिक छळ) आणि 79 (शब्दांनी वा हावभावांनी स्त्रीचा अपमान) इथे बघावी लागतील. कोणतं लागेल ते तुमचं पूर्ण म्हणणं ऐकल्याशिवाय कागदावर सांगणं योग्य नाही. याच आठवड्यात वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

प्रश्न : मी पुरुष डीलर. हरलेल्या ग्राहकाने माझ्या तोंडावर पत्ते फेकून थोबाडीत मारली. मला कोणता कायदा?

वरचा कायदा स्त्रियांसाठी आहे, पण मारहाण ही मारहाणच. पोलीस बहुधा अदखलपात्र नोंद करतील. ती करून घ्या आणि तिची प्रत मागा. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, सूज उतरल्यावर गेलात तर उपयोग नाही. चित्रीकरणाचा ईमेल तुम्हीही पाठवा. पुढे न्यायालयात जायचं का, हे वकिलाशी बोलून ठरवा.

प्रश्न : मुलाने सावंतवाडीत डीलरचा कोर्स केला. तिथलाच एजंट थायलंडच्या कॅसिनोत नोकरी देतो म्हणतो. दीड लाख द्यायचे, पर्यटक म्हणून जायचं, वर्क परमिट तिथे मिळेल. पाठवू का?

पाठवू नका. थायलंडमध्ये कायदेशीर कॅसिनोच नाहीत. अशी मुलं थायलंडच्या सीमेवरच्या माय सोतहून नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेली जातात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानाने तिथून सुटलेल्या भारतीयांना परत आणावं लागलं होतं.

परदेशी नोकरीचा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला हवा. ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. प्रवासी जहाजावरची नोकरी असेल तर एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि तिथे नोकरी लावण्यासाठी मुलाकडून पैसे घेणंच बेकायदा आहे. पैसे आधीच दिले असतील तर पावती आणि मोबाइलवरचे सगळे संदेश न पुसता पोलीस ठाण्यात जा, आणि परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी असलेल्या मुंबईच्या सरकारी उत्प्रवासी संरक्षक कार्यालयालाही कळवा. पासपोर्ट एजंटकडे असेल तर तो आधी परत घ्या.