मित्रांसोबत पाहिलेला वेगळ्या धाटणीचा सुपरहिरो चित्रपट कोणता, आणि असे चित्रपट गटाने पाहावेत की एकट्याने?

गटाने पाहावेत, आणि शक्य असेल तर त्या गटात वडीलधारे कोणीतरी असावे, असे मी अनुभवावरून सांगेन. मी ज्याविषयी लिहितो आहे तो फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा 2008 सालचा माहितीपट आहे. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट कसा तयार केला, याची ती हकिकत आहे.

आम्ही चौघे मित्र लालबागच्या चाळींमध्ये वाढलो. परदेशी सुपरहिरो चित्रपट पहिल्याच आठवड्यात पाहायचा, तोही फिनिक्स मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये, हा आमचा कॉलेजपासूनचा शिरस्ता. ते चित्रपट मला आजही मनापासून आवडतात. पण बाहेर पडल्यावर आमचे बोलणे पुढचा भाग कधी येणार यापलीकडे क्वचितच जात असे. 2019 च्या पावसाळ्यात एका रविवारी पावसाने बाहेर पडू दिले नाही, म्हणून एका मित्राच्या घरी लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्ही हा माहितीपट लावला. मित्राचे वडील, ज्यांना आम्ही लहानपणापासून अण्णा म्हणतो, खिडकीजवळ पेपर वाचत बसले होते.

सुरुवातीला आम्ही भरपूर हसलो, आणि त्या मंडळींनाही आपल्या चित्रपटाने लोकांना हसवायचेच होते. त्यांचा सुपरमॅन किडकिडीत आहे, त्याच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे आणि शहराच्या प्रदूषित हवेत उडून उडून त्याला दमा झालेला आहे. नासिर एके काळी व्हिडिओ पार्लर चालवत. आधी ‘शोले’ची मालेगावी आवृत्ती करून ते गावात गाजले होते, आणि आता त्यांना सुपरमॅन आकाशात उडवायचा होता. त्यासाठी मागे हिरवे कापड ताणले जाते (त्याच्या जागी नंतर संगणकावर आकाश जोडतात), बैलगाडीची क्रेन होते आणि सायकलवर बसून कॅमेरा पुढे सरकतो. मग एके दिवशी तोच कॅमेरा पाण्यात पडतो. त्या क्षणी आमच्या खोलीतले हसणे एकदम थांबले, कारण त्या कॅमेऱ्यावर किती जणांचा जीव अडकला आहे, हे तोपर्यंत आम्हाला कळून चुकले होते.

अण्णांनी पेपर खाली ठेवला तो मात्र त्याच्या बराच आधी, यंत्रमागांचा खडखडाट कानावर पडला तेव्हा. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावरचा कामगार, आणि शुक्रवारी मागांना सुट्टी असल्यामुळे त्या दिवशी मालेगावची चित्रपटगृहे तुडुंब भरतात, हे पडद्यावर येताच अण्णा आमच्या शेजारी येऊन बसले. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले असंख्य जण पुन्हा कधी गिरणीत परतलेच नाहीत. अण्णा त्यांच्यापैकी एक. कापड विणण्याचे काम त्याआधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते आणि संपानंतर तो ओघ वाढला. ‘आमचे काम भिवंडी-मालेगावने नेले’ हे वाक्य आम्ही अण्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते की, त्या गावांत माणसे राहतात हे जणू आमच्या ध्यानातच नव्हते.

अण्णांनी आम्हाला दोन-तीनदा चित्रपट थांबवायला लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘ह्या पोराला आठवड्याचे हातात किती पडत असतील?’ आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. मग त्यांनी धोटा (मागावर आडवा धागा नेणारा भाग) अडकल्यावर होणारा आवाज कसा ओळखायचा, हे सांगितले आणि रात्रपाळीनंतर साथीदारांबरोबर नाटकाच्या तालमीला कसे जात असत, हेही सांगितले. त्या तालमींविषयी त्यांच्या मुलानेही त्या दिवशी प्रथमच ऐकले. एरवी तासाभरात संपणारा हा माहितीपट पाहायला आम्हाला संपूर्ण दुपार लागली.

मी एकट्याने तो पाहिला असता तर मला तो मजेशीर आणि हृद्य वाटला असता, पण शफीकच्या अंगावरचा पोशाख उतरल्यावर त्याला परत मागावर जायचे आहे, हे मला इतक्या स्पष्टपणे दिसले नसते. चित्रीकरणाच्या मध्येच शफीकचे लग्न निघते, काम अडते आणि सगळे मित्र ते धकवून नेतात. हा प्रसंग पाहताना आम्ही चौघांनीही एकमेकांकडे पाहिले, हेही येथे नोंदवतो.

2025 साली रीमा कागती यांचा याच मंडळींवर बेतलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट आला. तो चांगला आहे, तरी आधी माहितीपट पाहावा असे मी आग्रहाने सुचवेन, कारण त्यात खरा शफीक आहे. माहितीपट 2012 साली आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला, त्यापूर्वीच शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. हे आम्ही अण्णांना शेवटी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि नंतर त्यांनी तो उडण्याचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.