विश्रामबागचा 12 हजारांचा फ्लॅट घ्यावा का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. सध्या सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहता, भाडं 6,500. विश्रामबागेत दोन बेडरूमचा फ्लॅट बघितलाय, भाडं 12,000, वर मेंटेनन्स 1,000. मिस्टरांचा पगार हातात 38,000 येतो, तुमच्या शिकवण्यांचे पाचेक हजार. ‘पगाराच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडं चालतं म्हणतात, मग हे बसेल ना?’ असं विचारलंय.

घर जरूर बदला. हा फ्लॅट मात्र घेऊ नका.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला परत घरात शिरलं. फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं, रंगरंगोटी असे 2019 लाच 70,000 गेले, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हे घर तुम्हाला 6,500 ला कधी पडलंच नाही. शिवाय दर पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवायचं आणि पातळीचे आकडे बघत रात्र काढायची. यातून सुटायला थोडं जास्त भाडं गेलं तरी ते मला योग्यच वाटतं.

पण किती जास्त? 38,000 पैकी 13,000 म्हणजे 34 टक्के, वरवर पाहता थोडंच जास्त. पण सासू-सासऱ्यांना गावी पाठवायचे 5,000 आणि गाडीचा 3,200 चा हप्ता कुठल्याच महिन्यात चुकत नाहीत. ते वजा केले की उरतात 29,800. त्यातले 13,000 म्हणजे जवळजवळ 44 टक्के! राहिलेल्या 16,800 मध्ये किराणा, दूध, गॅस, लाईटबिल, पेट्रोल आणि दोन मुलांची फी भागवताना तुमचीच ओढाताण होईल. शिकवण्यांचे पैसे भाड्यात धरू नका. मे महिन्यात शिकवण्या बंद असतात, भाडं द्यावंच लागतं.

घरभाडे भत्त्यावर टॅक्स वाचेल, हा मिस्टरांचा मुद्दाही इथे लागू होत नाही. नव्या करप्रणालीत ती सवलत नाही, आणि एवढ्या पगारावर तिथे मुळात टॅक्सच लागत नाही.

माझ्या मते मेंटेनन्स धरून 10,000 च्या वर जाऊ नका. वारणालीत, कुपवाडच्या बाजूला बघा. मिस्टरांची कंपनी कुपवाड एमआयडीसीतच आहे, पेट्रोलही वाचेल. खोल्या लहान मिळतील, चालेल. घर बघायला जाल तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. एजंटपेक्षा तो खरं सांगेल.

बँकेतल्या 90,000 पैकी 50,000 डिपॉझिटमध्ये अडकवू नका. 30,000 वर बोलणी करा, जुन्या घराचे 15,000 परत येतीलच. करार 11 महिन्यांचाच असला तरी रजिस्टर झाला पाहिजे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाची आहे. पुढच्या वर्षीची भाडेवाढ किती आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे त्यातच लिहून घ्या.