मशीन घेण्याआधी

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. शिलाई मशीन कोणतं घ्यावं, हे तू तीनदा विचारलंयस. सांगते, पण आधी तुझ्या एका वाक्याविषयी. "आजीच्या गोधड्या विसरून कोऱ्या पाटीनं मॉडर्न क्विल्ट शिकायचंय," असं लिहिलंयस. वीस वर्षांपूर्वी मीही हेच ठरवलं होतं.

मी गोधडी शिकले मुरबाडकडच्या आमच्या गावी. भाताची झोडणी उरकली की आजी सारवलेल्या अंगणात जुनं लुगडं अंथरायची, मध्ये विटलेली धोतरं-पातळं पसरायची, वरून दुसरं लुगडं ताणून कोपऱ्यांवर दगड ठेवायची. मग कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. मापपट्टी तिच्या हातात मी कधी पाहिली नाही.

ठाण्यात आल्यावर परदेशी क्विल्टचे, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचे, फोटो पाहिले: मोठा कोरा पांढरा भाग आणि एका बाजूला सरकवलेले दोन-तीन रंग. मी भारावले. फिरत्या पात्याचा रोटरी कटर आणला, कापताना खाली ठेवायची मॅट आणली, पाव इंचाची शिवण घोटून घोटून बसवली. चार इंचांचा चौकोन हवा तर साडेचार इंचांचा कापायचा, हे हिशेब पाठ झाले. पांढऱ्या कापडावर लाल चौकोन असलेला पहिला क्विल्ट दोन महिने खपून केला आणि हौसेनं धुतला. लालचा रंग गेला, पांढरं गुलाबी झालं. आतली बॅटिंग, म्हणजे मधला भरावाचा थर, एकीकडे आणि कापड दुसरीकडे आक्रसून सगळीकडे झोळ पडले. मी बाथरूममध्येच बसून रडले.

त्या रात्री आजीची गोधडी पांघरताना मला उमगलं, की तिचं लुगडं शेकडो वेळा धुतलेलं असायचं. जेवढं आटायचं तेवढं आटलेलं, जायचा तो रंग गेलेला. जुनं कापड म्हणजे नाइलाज, एवढंच मी समजत आले होते. तेव्हा नवं सुती कापड आधी वेगवेगळं भिजव, वाळव, इस्त्री कर, मगच कात्री लाव. यात आळस करू नकोस.

पुढे अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंडविषयी वाचलं. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून शिवलेले क्विल्ट 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागले. तिरक्या रेघा, मोठे सपाट रंग, ज्याला आपण आज मॉडर्न म्हणतो ते सगळं त्यांत होतं. आणि इथे जवळ, उत्तर कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तीही कडेकडून आत, अगदी आजीसारखी! चारही कोपऱ्यांना त्या कापडाची छोटी फुलं लावतात.

कोरी जागा सोडणं मात्र मला नव्यानं शिकावं लागलं. फुलाफुलांच्या कापडावर वाकडा टाका लपतो, कोऱ्यावर प्रत्येक टाका उघडा पडतो. म्हणून तिथे मी मशीन लावत नाही. जाड सुती दोरा घेते आणि हातानं धावदोरा घालते, बोटाच्याच अंतरानं. सध्या राखाडी हातमागाच्या क्विल्टवर डाव्या कडेला आजीच्या लुगड्याच्या काठाची एकच पट्टी लावली आहे. तो काठ बसवायला मला चार दिवस लागले.

आता मशीन. सरळ टीप नीट घालणारं, वरचा आणि खालचा थर एकदम पुढे सरकवणारा वॉकिंग फूट बसेल असं आणि सुईच्या उजवीकडे भरपूर जागा असलेलं घे. वापरलेलं मिळालं तरी चालेल. पण त्याआधी हातानं एक दुपटं शिव, छत्तीस इंच बाय छत्तीस.

आणि घरातली आजीची गोधडी उलटी करून बघ. दोरा संपला तिथे तिनं गाठ मारलीय की दोन टाके मागे घेऊन तो आत जिरवलाय, ते मला कळव. जमलं तर जवळून फोटोही पाठव.

तुझी,
काकू